खिशातला कांदा
कांदा फोडला की त्या उग्र वासासरशी मला सह्याद्रीतली ती उघडी धार आठवते. लग्नाआधी पुण्याच्या एका गटाबरोबर मी तिथली लांबची पायवाट चालायला गेले होते. आमच्या रायपूरला उन्हात निघताना उन्हाची झळ, लू, लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, तसा मीही ठेवला. "भेळ करायची का?" म्हणत गटाचा म्होरक्या दिवसभर हसला. "हसून घ्या," मी म्हटलं, "पण ऊन मले नका शिकवू." दुसऱ्या दुपारी धारेवर झाडाचं नाव नव्हतं, कातळ तव्यासारखा तापलेला, आणि तोच म्होरक्या गरगरून खाली बसला. मी त्याला करवंदीच्या जाळीआड ओढलं, ओली ओढणी डोक्याला गुंडाळली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि कांदा फोडून नाकाशी धरला. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच तो म्हणाला, "अजून एक कांदा आहे का?" काल माझी पोट्टी त्याच वाटेवर निघाली. "मम्मी, आजकल प्याज कौन रखता है?" म्हणाली. मी तिच्या सॅकमध्ये गुपचूप दोन कांदे टाकले: एक तिच्यासाठी, आणि एक जो सगळ्यात जास्त हसेल त्याच्यासाठी.