सरूबाईचं एक साल

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, लेकापाशी न्हाई. नरसीला जाऊन नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकलं, तवाबी तोंड उघडलं न्हाई. मग तुमाला काहून सांगून राहिलो? तुमी मला वळखत न्हाई — एवढंच कारण असंल.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. हिंगोलीच्या कचेरीसमोर, लिंबाखाली माझी सतरंजी असायची. मी अर्जनवीस, म्हंजी लोकांच्या दरखास्ती उर्दूत लिहून देणारा. माझ्यासारखं अक्षर अख्ख्या तालुक्यात न्हाई, असं कचेरीतले वरचे कारकून, पेशकारसाहेब, चारचौघांत म्हणायचे. फुशारकी वाटली का? वाटू द्या. सगळं दुखणं तिथंच हाये.

आमच्याच गल्लीत हाशमभाई राहायचा. धंद्यानं रंगारी, लुगडी-पागोटी रंगवायचा. त्या काळी पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून, माणसं आमच्या मुलखात येऊन राहायची. कचेरीच्या लेखी ती गैरमुलकी, म्हंजी बाहेरची. पंधरा वर्षं इथं राहिल्याचं शाबीत करा, तर मुलकीचा दाखला; दाखला असंल तर सरकारी नोकरी. अशा लोकांच्या दरखास्ती हाशमभाई फुकट लिहायचा. नुसता लिहून मोकळा होत न्हवता — साक्षीदार हुडकायचा, खोली बघून द्यायचा, कचेरीत त्यांच्या बाजूला उभा राहायचा. त्याची बायको आमिनाभाभी. आलेला माणूस हिंदू असला, तर ती शेजारच्या माळणीच्या घरून त्याच्यासाठी पाणी मागवायची. त्याच्या मनात अडी राहू नये म्हणून.

चांगलं होतं की सगळं. मग मला काहून झोंबत होतं?

माझा धंदा बुडत न्हवता, खोटं कशाला बोलू. पण मी रस्त्यानं चाललो की लोक नुसती मान हलवायचे, आन् हाशमभाई निघाला की बाया डोईवरचं वझं उतरवून उभ्या राहायच्या. 'वकीलसाब' म्हणायचे त्याला! निळ्या बोटाचा रंगारी, आन् वकीलसाब! त्याचं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावाणी. एकदा माझीच बायको म्हणाली, "माणूस असावा तर असा." मी ताटावरून उठलो. भाजी खारट झाली म्हणून उठलो, असं तिला सांगितलं.

आन् वाईट काय, ते सांगतो. तो मला मानायचा. दर दरखास्त कचेरीत द्यायच्या आधी माझ्याकडं आणायचा. "अण्णा, तारखेचं तेवढं तुमी बघा. तुमी बघितलं की मला घोर न्हाई." मी बघून द्यायचो, आन् आतून जळायचो.

कचेरीचं साल फसली होतं. ते दसऱ्याच्या आसपास बदलायचं. वऱ्हाडची माणसं इंग्रजी साल सांगायची, त्याचं फसली करावं लागायचं. दसऱ्याआधी आलेल्याचा हिशेब एक, दसऱ्यानंतर आलेल्याचा दुसरा. चुकलं की सरळ एका सालाचा फरक. वऱ्हाडातून माणसं बहुतेक उन्हाळ्यात यायची, म्हणून हाशमभाईला एकच हिशेब पाठ.

सरूबाई मात्र दिवाळी करून आली होती. नवरा वारला, तवा काखेत दोन वर्षांची पोरगी आन् मागं एक म्हैस घेऊन नदी वलांडली. घरोघर दूध घालून पोरीला शिकवलं. ती पोरगी, कमल, मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून निवडली गेली होती. फक्त दाखला पायजे होता.

हाशमभाईनं दरखास्त माझ्या हातात दिली. मी वाचत गेलो. सालापाशी आलो — आन् थांबलो. एक साल आधीचं पडलं होतं. सरूबाईची पंधरा वर्षं खरोखर भरली होती, वर दोन महिने जास्तच. उगंच एक वर्ष वाढवल्यावाणी झालं होतं. मला दिसलं. ढळढळीत दिसलं. बोट त्या आकड्यावरच होतं माझं.

"बराबर हाये," मी म्हणालो.

मनात काय होतं? हेच, की एकदा याचं चुकू दे. एकदा लोकांना कळू दे, लिहिणारा कोण आन् रंगवणारा कोण. सरूबाई मनात आलीच न्हाई. कमलबी न्हाई.

कचेरीनं नदीवरच्या जकातनाक्याची वही मागवली. त्यात म्हशीची नोंद निघाली, खऱ्या सालाची. खोटं साल सांगून दाखला मागितला, असा शेरा मारून दरखास्त फेटाळली. भर कचेरीत सरूबाईला लबाड म्हणले. हाशमभाईला सांगितलं, पुन्हा या पायरीवर दिसू नको.

तो तिथून थेट माझ्याकडं आला. "अण्णा, कुठं चुकलं हो?"

तवाबी येळ होती, बघा. शाळेची जागा अजून आठ दिवस मोकळी होती. मी उठून पेशकाराला हिशेब समजावून दिला असता तर त्यानं ऐकलं असतं, माझा शब्द होता तिथं. मी काय म्हणालो? "नशीब एकेकाचं." आठ दिवस मी त्याच सतरंजीवर बसून होतो. नवव्या दिवशी जागा दुसरीला गेली.

हाशमभाईनं पुन्हा कुणाची दरखास्त लिहिली न्हाई. मला वाटलं होतं, ती माणसं आता माझ्याकडं येतील. एकबी आलं न्हाई.

सरूबाई म्हैस विकून माघारी वऱ्हाडात निघाली. जायच्या दिवशी लिंबाखाली आली. मागं कमल, मान खाली घालून. वाटलं, हिला कळलं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचं कचेरीत वजन हाये. आमी गेल्यावर हाशमभाईला कुणी बोल लावला, तर तुमी आडवे या. लई झटलं ते माणूस आमच्यासाठी. चूक काय, माणसाकडूनच होती."

चूक त्याची न्हाई, माझी — एवढं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्याच वक्ताला दुसरंबी काही आलं पोटातून. घर गेलं, पोरीची नोकरी गेली, तरी ही बाई त्याच्यासाठी माझ्यापुढं पदर पसरून राहिली! मला तवाबी त्याचा हेवाच वाटला.

"नीट जा," मी म्हणालो, आन् पुढचा कागद घेतला.