काळुरामच्या नावानं

कल्याण स्टेशनजवळ सहदेव गायकरांचं साड्यांचं दुकान होतं. त्र्याण्णव साली त्यांनी क्रेडिट कार्ड घ्यायला सुरुवात केली, बाजारात सगळ्यांच्या आधी. शंभराच्या विक्रीमागे बँक चार रुपये कापून घ्यायची. साडीवर सुटतं किती आणि बँकेच्या घशात जातं किती, अशी कुरकुर वाढत गेली. दोन वर्षांत दुकानदारांनी संघटना केली आणि बोलायला सहदेवना पुढे केलं.

खासदारांकडे बऱ्याच खेपा झाल्या. साहेब चहा पाजायचे, "बघू" म्हणायचे. असेच एकदा साहेब उठायच्या बेतात असताना सहदेवच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमचा एक माणूस ह्या कमिशनपायी जिवानिशी गेलाय."

साहेब परत खाली बसले. "कोण?"

"काळुराम भोईर. माझ्या शेजारीच बॅगांचं दुकान होतं त्याचं."

काळुराम गेला होता, एवढं खरं होतं. त्याच उन्हाळ्यात तो शहाडच्या पुलाखाली नदीत सापडला होता. का गेला, ते कुणालाच कळलं नव्हतं.

साहेबांनी दिल्लीला लिहिलं, बँकेच्या बड्या लोकांना बोलावून घेतलं, त्यांच्यापुढे काळुरामचं नाव घेतलं. दिवाळीच्या आत कमिशन अडीचवर आलं. संघटनेच्या खोलीत काळुरामचा फोटो लागला, पेढे वाटले गेले. सहदेवनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाने कार्ड पुढे केलं की काउंटरच्या कडेला कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं त्यांना वाटायचं. मान वर केली की कुणी नसायचं. गल्ल्यावर बसणारी बायको, शेवंती, एकदा म्हणाली, "अहो, कोणाला बघता सारखं?" ते कार्ड उचलून बिल करायला लागले.

मार्गशीर्षात काळुरामची बायको विमलाबाई दुकानात आली. साडी घ्यायला आली नव्हती.

"सहदेवभाऊ, आमच्या दुकानात कार्डाचं मशीनच नव्हतं."

"माहितेय, वहिनी."

"मग हे तुम्हाला काही बोललेले का?"

सहदेवनी आजवर कुणाला न सांगितलेलं तेव्हा सांगितलं. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी काळुराम आलेला, काउंटरपाशी उभा राहिलेला. एका गिऱ्हाइकाचं बिल मोठं होतं, कार्डाला मंजुरी घ्यायला सहदेव बँकेला फोन लावत होते आणि लाइन लागत नव्हती. त्यांनी हातानेच त्याला थांब म्हटलं. फोन ठेवून बघतात तर तो निघून गेलेला.

"काय सांगायला आलेला, मला ठाऊक नाही. मी मीटिंगमध्ये खरं काय ते सांगून टाकतो, वहिनी."

विमलाबाई समोरच्या स्टुलावर बसली.

"नका सांगू. हे गेल्यापासून लोक मलाच विचारायचे, घरात काय झालेलं म्हणून. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. आता घेतात. बँकेने खाल्लं माझ्या पोराला, म्हणतात." ती उठली. "राहू दे असंच."

तसंच राहिलं. अठ्ठ्याण्णवच्या सभेत पोपट नावाचा नवा दुकानदार सहदेवच्या शेजारी येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जायच्या आदल्या दिवशी काळुरामशेठ म्हणालेले ना, माझं झालं ते झालं, बाकीच्यांना वाचवा?"

"कोणाला म्हणालेला?"

"तुम्हालाच ना? सगळे तर तेच सांगतात."

सभा सुरू व्हायला अजून वेळ होता. पोपट वाट बघत होता.

"हो," सहदेव म्हणाले. "मलाच."