तंबाखू मळण्याइतका वेळ

रिपेरिंगच्या टेबलाखाली एक डबा असतो. मशीन जोडून झालं की उरलेला स्क्रू त्यात टाकायचा. कुठला, कशाचा, विचारू नका. मशीन चाललं ना? मग झालं! किस्सेही असेच साठतात. अशोक स्तंभाजवळच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पंधरा वर्षं बसलो, डबा गच्च भरला. आता सांगतो ते ऐका, मध्ये बोलू नका.

*

मी मूळचा दिंडोरीकडचा मोटार वाइंडिंगवाला. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. एकदा द्राक्षाच्या मळ्यात माझा हात मोटारीत, आणि तिकडून बागायतदाराने स्टार्टर दाबला! असा झटका बसला की मी पार पाटात जाऊन पडलो. तो लांबून ओरडतोय, "अण्णा, झाली का वो चालू?"

त्या दिवशी नियम केला. आधी वायर काढायची. मग तंबाखू मळायची, चुना लावून, नीट. ती तोंडात गेल्यावरच कामाला हात. समोर कलेक्टर उभा असला तरी थांबेल!

*

नव्वद सालानंतर नाशकात कॉम्प्युटर यायला लागले. विलासशेठने दुकान काढलं आणि मला पंखे, यूपीएस बघायला ठेवलं. कोपऱ्यात टेबल दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं टेबल मिळालं, हे लक्षात ठेवा.

पण अट घातली. "अण्णा, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. एक जरी बिघडला तरी टेबल रस्त्यावर!"

"मग शिकवा की."

"तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"मोटारीला कुठं येत होतं?"

*

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. पराग म्हणजे आमचा डिग्रीवाला इंजिनियर. त्याने तीन दिवस सीड्या घालून काढून पाहिल्या. निदान झालं, "व्हायरस!"

तो जेवायला गेल्यावर मी वायर काढली, तंबाखू मळली, खोका उघडला. आतल्या पंख्यात मूठभर कांद्याची टरफलं! साफ केली, लावलं. दिवसभर चाललं.

व्यापाऱ्याला कागदावर टरफलं दाखवली, तर तो म्हणतो, "आमच्याच मालाची हायेत. बांधून द्या!"

तेव्हापासून नवीन मशीन जोडायचं काम माझ्याकडे आलं. अट मात्र तशीच राहिली, एक जरी बिघडला तरी टेबल रस्त्यावर.

*

कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो. मशीनच्या आतलं काय चालू, काय बंद, ते तिथे ठरतं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोजायचो. उजवीकडे दोन, खाली चार, एंटर. वर्षभर छान चाललं.

मग दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं. त्यात चौथ्या ओळीला भलतंच! मी हार्डडिस्कच बंद करून बसलो. विलासशेठ टेबल उचलायलाच निघाला.

समोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मीनाताई शिकवायची. तिने येऊन हार्डडिस्क चालू केली आणि वहीत मला E आणि D ही दोन अक्षरं काढून दाखवली. "अण्णा, नुसतं मोजू नका. शब्दाचं पहिलं अक्षर फणीसारखं दिसलं तर चालू. पोट सुटलेलं दिसलं तर बंद."

"ताई, हे शेठकडे बघून सुचलं का?"

विलासशेठने टेबल सोडलं आणि पोट आत घेतलं!

*

पुढे मीनाताई एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागली. दोन हजार आठच्या आसपास तिने आमच्याकडून तीस मशीन घेतली. तीसच्या तीस मी जोडलेली, या हातांनी.

मुलींचं प्रॅक्टिकल सोमवारी. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा होता, आणि तो चालत नव्हता. त्यासाठी निळ्या पडद्यावर एक सेटिंग चालू करावी लागते. व्हर्च्युअलायझेशन! चौथी पास माणूस बोलतोय, परत म्हणून दाखवू?

आम्ही तिघंही गेलो. परागने तीसही मशीनवर ती सेटिंग चालू केली, सेव्ह केली, रीस्टार्ट केलं. प्रोग्रॅम म्हणतो, बंद आहे! परत केलं. परत तेच. दुपारी त्याने निकाल दिला, "जोडणीच चुकलीय. सगळी मशीन परत न्या."

विलासशेठ माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "अण्णा, उद्या टेबल रिकामं करा."

"करतो. आधी मला एक मशीन बघू द्या."

निळा पडदा उघडला. फणी! म्हणजे सेटिंग चालू होती. आता खोका उघडून जोडणी बघायची, म्हणजे नियम आला. मशीन बंद केलं, भिंतीतून वायर काढली आणि खिडकीशी जाऊन तंबाखू मळायला लागलो.

"अण्णा, कॉलेज आहे हे!" मीनाताई कळवळली.

"थुंकत नाय, मळतोय!"

मग खोका उघडला. सगळं जागच्या जागी, घट्ट. बंद केला, वायर लावली, मशीन सुरू केलं. आणि पडद्यावर दुसरा कॉम्प्युटर उघडला! मीनाताईने टाळीच वाजवली.

"आत काय बदललंत?" पराग विचारतो.

"काही नाय. तू रीस्टार्ट केलंस, ती नुसती डुलकी. मी वायर काढून तंबाखू मळेपर्यंत झोपवलं."

विलासशेठने घसा खाकरला. टेबलाचं नाव काढलं नाही.

पराग गुपचूप दुसऱ्या मशीनपाशी गेला. बंद केलं, वायर काढली आणि उभा राहिला. पोरगं निर्व्यसनी, साधी सुपारी खात नाही. उभ्या उभ्या त्याने डावा तळहात पसरला आणि त्यावर उजवा अंगठा फिरवायला लागला. हातात काही नाही!

विलासशेठ म्हणाला, "अरे, लाव की वायर!"

पराग म्हणाला, "थांबा शेठ. अजून मळून नाही झाली!"