एकचाकीवर चढायच्या तीन रीती

आमच्या मुळशीच्या खोऱ्यात सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं, नाहीतर खळं. खाचरात चाक रुतायचं, म्हणून एका चाकाच्या सायकलवर चढायला मी खळ्यात शिकले. ते खळं आता धरणाच्या पाण्याखाली आहे. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीचा वास मला अजून येतो, आणि ढोपरावरचा वणही गेलेला नाही.

सायकल दादाची. तो सर्कशीत होता. झोपाळ्यावरून पडून पाय मोडला, तसा चाक घेऊन घरी आला. मीही माहेरीच होते. नवऱ्याने दुसरी केली होती, सासरी मी फुकटची मोलकरीण. दादा म्हणाला, "मालकाला बाई पायजे. संक्रांतीला पुण्यात तंबू लागंल. कशाला बी न धरता चढलीस, तर तुजी भाकरी तुजी." नाही चढले, तर सासरा न्यायला येणारच होता.

पहिलं भांडण आईशी झालं. खळ्यात पायताण घालून कोणी जात नाही.

"चाक म्हंजी पायतानच की," आई म्हणाली.

"पायतान कसं? तिवड्याभवती फिरनार, म्हंजी बैल," दादा म्हणाला.

तिवडा म्हणजे खळ्यातला मधला खांब, मळणीचे बैल त्याला बांधून फिरवतात. आईला ते पटलं. फक्त रोज चाक धुऊन आणायचं ठरलं.

पहिली रीत तिवडा धरून चढायची. लुगड्याचा कासोटा घट्ट, सीट मांड्यांत, एक हात खांबाला. दुसरीत चाकामागे दगड लावायचा, म्हणजे पायडलवर भार दिला तरी चाक मागे पळत नाही. या दोन्ही मला आठवड्यात आल्या. तिसरी, निव्वळ मोकळ्यात चढायची, काही केल्या येईना. अंग उचललं की हात आपोआप तिवड्याकडे जायचा, आणि चढले तरी मी मळणीच्या बैलासारखी गोलच फिरायची. खळं उतरतं आहे, असं मी म्हणायची. "नाचता येईना, अंगन वाकडं," दादा म्हणायचा. एकदा रागाने मी चाकच त्याच्या अंगावर ढकललं.

मग सासऱ्याचा निरोप आला, परवा येतो.

मळणी उरकेपर्यंत तिवडा उपटत नाहीत, त्याची पूजा झालेली असते. आमची तर निम्मी मळणी बाकी होती. आई खळ्यात आली. तिने तिवड्याला हात जोडले, हलवून हलवून तो उपटला आणि बाजूला टाकला.

"आये, भात हाय अजून!" दादा ओरडला.

"भात ऱ्हाऊ दे. चढ गं. आता धराया काय न्हाई."

मी तीनदा पडले. चौथ्यांदा पायडलवर भार न देता नुसती वर गेले आणि चाक बरोबर खाली आलं. खळ्यातून निघाले ती वाटेने सरळच. मागे दादा मोठ्याने हसत होता. मला रडू फुटलं होतं.

पुढे पुष्कळ वर्षं मी तंबूत त्या चाकावर चढले, टाळ्याही मिळाल्या. पण एका चाकावर मागे वळून बघता येत नाही, बघितलं की माणूस पडतो. त्या दिवशी आईचं तोंड कसं झालं होतं, ते मी पाहिलंच नाही.