दोन घरांची एक गच्ची

पाटबंधारे खात्यातली नोकरी सोडून मी घरोघरच्या पावसाच्या पाण्याची तपासणी करायला लागले, तेव्हा औरंगाबादेत नळाला पाणी येणं ही बातमी असायची. आलं की गल्लीभर आरोळी उठायची. टँकरवाले कुणाला जुमानत नसत. त्यामुळे मला कामाची ददात नव्हती. गच्ची बघायची, उतार बघायचा, पाणी कुठं साठवता येईल ते बघायचं आणि खरं ते सांगायचं. जमणार नसेल तर जमणार नाही म्हणायचं. हे मला चांगलं येत होतं.

त्या उन्हाळ्यात एका बाईंनी बोलावलं. फुलंब्रीकडचं शेतकरी कुटुंब. सासऱ्यांनी शहरात घर बांधलं, ते गेल्यावर दोन मुलांनी मधोमध वाटून घेतलं. बोलावणाऱ्या होत्या थोरल्या जाऊबाई. दारातच म्हणाल्या, "ताई, आमच्यापुरतंच बघा. पलीकडच्यांचा काही संबंध नाय." दोघा भावांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

वर गेले तर वाटणी गच्चीवरही पोचली होती. एका अखंड स्लॅबवर मधोमध कमरेएवढी विटांची भिंत. मी बादलीभर पाणी मागवलं आणि थोरल्यांच्या बाजूला ओतलं. पाणी सरळ भिंतीकडे धावलं, तिथं अडलं आणि तळं करून बसलं.

"खाली तुमची झोपायची खोली आहे का?" मी विचारलं.

"व्हय. छत लई गळतं. पलीकडचे मुद्दाम पाणी सोडतात."

"कुणी सोडत नाही. सगळ्या गच्चीचा उतार पलीकडे आहे. पाणी बाहेर काढायचे पाइपही तिकडेच आहेत. तुमचं पाणी ही भिंत अडवते, ते मुरतं आणि तुमच्याच डोक्यावर गळतं."

आम्ही खाली आलो. मागच्या अंगणात एक जुना दगडी हौद होता, लाकूडफाटा आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेला. मी आत उतरून भिंती ठोकून पाहिल्या. गिलावा थोडा सुटला होता, पण बांधणी भक्कम होती. असा हौद आज बांधायचा म्हटलं तरी बांधून होणार नाही.

मग परवानगी न विचारताच मी शेजारच्या दारात गेले. धाकट्याकडे पाइप होते, पण टाकी ठेवायला वीतभर जागा नव्हती. पुढं दुकान, मागं संडास. पावसाळ्यात त्यांचं सगळं पाणी रस्त्यावर पडायचं आणि गल्लीत भांडणं व्हायची.

मी दोन्ही घरांना गच्चीवर बोलावलं. आपापल्या जिन्यानं सगळे आले आणि भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी सांगितलं, "एकाकडे पाइप आहेत, दुसऱ्याकडे हौद आहे. वेगवेगळं केलंत तर दोघांचाही खर्च पाण्यात. भिंत राहू द्या, फक्त तळाशी भोकं पाडा. पाइप फिरवून हौदात सोडा. आपल्याकडं पाऊस येतो तेव्हा धो धो येतो आणि मग आठवडेच्या आठवडे फिरकत नाही, म्हणून मोठा हौदच हवा."

धाकटा म्हणाला, "भिंतीला हात लावायचा नाय."

त्याची बायको इतका वेळ पदर खोचून उभी होती. ती म्हणाली, "टँकरमागं घागर घेऊन मी पळते. तुमी पळता का?" मग भिंतीवरून थोरल्या जावेला थेट विचारलं, "वहिनी, हौद कधी उपसायचा?"

"उद्या सकाळी ये," थोरली म्हणाली.

थोरला भाऊ माझ्याकडं वळला. "म्याडम, त्याला सांगा, भोकं पाडायची तर माझी ना नाय." धाकटा हाताच्या अंतरावर उभा होता.

"मी पाणी तपासते, निरोप पोचवत नाही," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा."

थोरल्यानं घसा खाकरला, भिंतीकडं बघत म्हणाला, "छन्नी हाय का तुझ्याकडं?"

"हाय," धाकटा म्हणाला आणि आणायला खाली गेला.

पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं झालं. जावांनी हौद घासला, गिलावा करून घेतला. वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी मी उभी राहून भरून घेतली. हौदावर घट्ट झाकण बसवलं, हवेच्या तोंडाला डासांची जाळी लावली. गच्ची धुऊन निघेपर्यंतचं पाणी हौदात जाऊ नये म्हणून वेगळी तोटी ठेवली. पिण्याला नळाचंच पाणी ठेवा, बाकी धुण्याभांड्याला हे वापरा, वर्षभर पुरणार नाही, हेही बजावलं. दिवाळी उलटल्यावरही ते बरेच दिवस पुरलं.

पुढच्या वर्षी तपासायला गेले. थोरल्यांचं छत कोरडं होतं. भाऊ गप्पा मारत बसत होते असं नाही. पण गच्ची झाडायच्या पाळ्या लावलेल्या होत्या आणि त्या चुकत नव्हत्या. जाळी मात्र खारीनं कुरतडली होती. ती बदला म्हटल्यावर दोघंही एकदम "आजच बदलतो" म्हणाले. निघताना दोन्ही घरांतून चहा आला. मी दोन्ही कप घेतले.