मेपलच्या खोडावरचे ओरखडे

दुपारी गॅलरीतल्या जपानी मेपलला पाणी घालताना त्याच्या बोटभर खोडावरचे ओरखडे दिसले. सगळे माझ्याच नखाचे. झाड माझ्या बायकोनं, सुमननं, लावलेलं. ती गेली आणि पाठोपाठ थंडीत याची पानं गळाली. साल जराशी खरवडून आत हिरवं दिसलं, की झाडात जीव आहे समजायचं, हे तिनंच शिकवलेलं. मी रोज खरवडून बघू लागलो.

काल नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "साहेब, झाड झोपलंय. पालवी हवी असेल तर झोपू द्या त्याला. रोज साल काढलीत तर मात्र मरेल."

शेवटच्या आजारपणात सुमनचा जरा डोळा लागला, की मी घाबरून तिचा हात हलवायचो. ती कसेबसे डोळे उघडायची. "अहो, आहे मी. थोडं झोपू द्या ना." ते ऐकून मला धीर यायचा. त्या धीरापायी तिची किती झोप मोडली असेल, कोण जाणे.

आजही नख खोडापर्यंत गेलं होतं. मी हात मागे घेतला. तेव्हा एवढंच जमायला हवं होतं.