शेवटच्या बांधीला आधी पाणी

"हात दाखवा!" वर्गात आल्या आल्या मॅडम म्हणायच्या. इतर शाळांत हात स्वच्छ आहेत का ते बघतात. आमच्या मॅडम ते माखलेत का हे बघायच्या. कोरडे हात दिसले की विचारायच्या, "काऊन बाबू, आज काहीच केलं नाही?"

तुम्हीही गावच्या शाळा पाहिल्या असतील. पोरं रांगेत, गुरुजी खुर्चीत. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या अलीकडच्या आमच्या गावात मी शाळेची खिचडी रांधते. मी स्वतः चौथी शिकले, तीही छड्या खाऊन. मॅडम फुलचूरहून स्कूटीवर आल्या आणि पहिल्याच दिवशी पोरांत जमिनीवर बसल्या. मला वाटलं, ही काही टिकत नाही.

दशक-शतक शिकवायला त्यांनी धानाच्या तणसाच्या काड्या आणवल्या. दहा काड्यांची पेंढी, दहा पेंढ्यांचा भारा. वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हणजे पेंढी सोडायची. ती सोडताना पोरं अशी ओरडत की माझं चुलीवरचं लक्ष उडायचं.

मी भांडायला गेले. "मॅडम, शाळा होय का बाजार?"

"बाजारच होय, मावशी. झोपलेल्या बाजारात काही भेटते का?"

पुढे अपूर्णांक आले. मॅडमनी अंगणात पोरांकडून हातभर बोडी, म्हणजे चिमुकलं तळंच, खोदून घेतली. बोडीला मातीची पाळ, पाळीतून पाण्याचा दांड, दांडाच्या कडेला एकीखाली एक लहानग्या बांध्या, धानाच्या शेतातल्या वाफ्यांसारख्या. एका गटाला एक बांधी. बोडीतलं पाणी सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, एवढाच खेळ.

पोरांनी तेच केलं जे बापांना करताना पाहिलं होतं. वरच्या बांधीवाल्यांनी दांड अडवून आपली बांधी तुडुंब भरली. शेवटच्या बांधीत माती ओलीही झाली नाही. तिथली पोरं रडकुंडीला आली.

"सांगा ना त्याइले," मी म्हटलं.

"चुकू द्या, मावशी. मी सांगितलं तर ते माझंच राहील."

पोरं भांडली, ढकलाढकली झाली. मग त्यांनीच ठरवलं: शेवटच्या बांधीला आधी पाणी, मग एकेक वर यायचं. डब्याने मोजून. पाव, अर्धा, पाऊण असं सगळं चिखलात तोंडपाठ झालं.

इथेच बिनसलं. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातलं मोठं घर. गावच्या तलावाखालची पहिली शेती त्यांची, आणि आपलं भरल्याशिवाय ते पाणी खाली सोडत नाहीत. त्यांची नात तिसरीत. तिने घरी पाहुण्यांसमोर विचारलं, "आजोबा, तुम्ही शेवटच्याले आधी पाणी काऊन नाही देत?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष अंगणात हजर. "पोट्ट्याइले लिवाले-वाचाले धाडतो आम्ही, चिखल तुडवाले नाही. बुजवा हे. नाही त सगळ्याइचे दाखले काढून कान्व्हेंटात टाकतो."

पोरं गेली की शाळा बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्यांना कान्व्हेंट झेपत नाही, त्यांची पोरं घरीच राहिली असती.

"बुजवत नाही, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "नातीला गणित विचारा. चुकली तर मीच फावडं आणते."

अध्यक्षांनी विचारलं नाही. नातीला म्हणाले, "चल घरी."

"माहा नंबर नाही आला अजून," ती म्हणाली आणि डबा घेऊन उभीच राहिली.

दाखले कोणी काढले नाहीत. पण मॅडमची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. कोणी केली हे सांगायची गरज नाही. त्या निघाल्या तेव्हा मी रडले नाही, त्याही रडल्या नाहीत. "पोरांना गप्प बसू देऊ नका," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात अध्यक्षांनी ट्रॉलीभर मुरूम टाकून बोडी बुजवली. नवे गुरुजी भले आहेत, पण खुर्चीतले.

मग मी फावडं घेतलं आणि शाळेतल्या माझ्या मोरीपासून अंगणात दांड काढला. भांड्यांचं पाणी कुठेतरी जायला पाहिजे. त्याखाली बांध्या करा, असं मी पोरांना सांगितलेलं नाही. त्यांनी त्या आपल्याच मनाने केल्या.

अध्यक्ष आलेच. "कोणाले विचारून खोदलं वो हे?"

"कोणालेच नाही. माही बदली करता? करा. उद्यापासून खिचडी तुम्हीच रांधा."

ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालून नात ओरडली, "आजोबा, दांडातून पाय काढा! पाणी अडून राहिलं ना!"

अध्यक्षांनी खाली पाहिलं. पाय काढला.